घागरीत पाहू नये

चंपतराव सुतार चर्चच्या मंडळीचा पंच होता. पंच तरी कसा, तं पाळकसाहेबानं एखाद्याले सोडून देलं तरी हा सोडत नव्हता. जरीपटका नावाच्या वस्तीच्या अलीकडं, रेल्वेच्या रुळाकडेले, ख्रिस्ती लोकांची पंचवीस-तीस घरं होती अन् मधात एक लहानसं कौलारू चर्च. त्या घरांमधी दारू, बिडी अन् सिनेमा वर्ज्य. दारू पिणारा पडे, बिडी पिणारा खोकले, म्हणून ते आपोआप सापडत. सिनेमा पाहणाऱ्याले मात्र पकडावं लागे, अन् ते काम चंपतरावनं आपल्या अंगावर घेतलं होतं. तीन वर्षांआधी धोंडबा पेंटर टॉकीजच्या लायनीत उभा दिसला, तं चंपतरावनं त्याले रविवारी भरल्या मंडळीत उभं करून माफी मागायले लावली. धोंडबाची बायको तोंडाले पदर लावून बाहीर निघून गेली. चंपतरावले तेव्हा वाटलं, चांगलं काम झालं.

गुण एक होता त्याच्यात. गोष्ट सांगावी तं चंपतरावनं. शाळा दुसरीपर्यंत, तेही मास्तरच्या मारानं. पण पाळकसाहेब 'तथापि' अन् 'यास्तव' करत उपदेश देत, तेव्हा बाया मान डोलवत अन् मनात संध्याकाळच्या भाजीचा विचार करत. अन् चंपतराव उभा राहिला का कडेवरचं लेकरूही चूप होये. शुक्रवारी एकेकाच्या घरी प्रार्थना होये. गाणी झाली का कोणी तरी एकानं साक्ष द्यायची, असा रिवाज. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी नाहीतर दुसऱ्या कोण्या विश्वासी माणसासाठी काय केलं, ते सांगायचं. उपदेशात बनवलेला दाखला चालते. साक्षीत चालत नाही. साक्षीत जे झालं तेच सांगा लागते, त्यात तिखटमीठही लावायचं नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात सदरकडच्या एका टॉकीजचे मॅनेजर मनोहरराव चंपतरावच्या दारात आले. त्याइच्या टॉकीजमधी एक जादूचा सिनेमा चौथा आठवडा चालून राहिला होता. पडद्यावर राक्षस आला का थर्ड क्लासवाले खुर्च्यांवर उभे राहत. बिजागऱ्या निखळल्या होत्या, पाट्या फाटल्या होत्या, अन् त्या दुरुस्त करायले सुतार पाहिजे होता. चंपतराव पाळकसाहेबाले विचारून आला. काम आहे, तमाशा नाही, असं त्यानंच सांगतलं अन् पाळकसाहेबानं मान डोलवली. सकाळी जायचं, दुपारची मॅटिनी लागायच्या आधी निघायचं.

दोन दिवस तसंच झालं. तिसऱ्या दिवशी एक स्क्रू गंजून बसला होता. चंपतराव तिसऱ्या लायनीच्या खाली उताणा लेटून पेचकस फिरवून राहिला, अन् त्या नादात घंटी झाली, दारं उघडली, पब्लिक आत घुसलं. त्याची पटाशी एका खुर्चीखाली, हातोडी दुसऱ्या, अन् तो स्वतः तिसऱ्या. अंधार झाला. आता उठावं तं कोणाच्या पायावर उठावं. तो तसाच पडून राहिला. डोळे मिटले त्यानं, खरं सांगायचं तं. पण कान मिटता येत नाहीत. अन् थोड्या वेळानं दोन माणसांच्या पायांच्या फटीतून त्याले पडदा दिसून राहिला होता.

एका गावची विहीर राक्षसानं आटवून टाकली होती. कुंभाराची एक पोरगी, मायबाप मेलेली, मामाच्या घरी राहे. तिले रानात साधू भेटला. त्यानं तिले घागरभर पाणी देलं अन् सांगतलं, सारं गाव पिईन तरी हे सरणार नाही. ओतत राह्य, पण घागरीत पाहू नको. पोरगी डोळे मिटून ओतायले लागली. मामा म्हणे, पाह्य वं, किती उरलं ते तं पाह्य. गावचा वैद्य म्हणे, पाह्य. राजानं तं घागर हिसकली अन् आत पाह्यलं, तं जागच्या जागी दगड झाला. पोरगी ओततच राहिली. माणसं प्याली, गुरं प्याली, झाडं हिरवी झाली. शेवटी तिनं त्या दगडाच्या राजावरही पाणी ओतलं, अन् राजानं श्वास घेतला.

खुर्चीखाली चंपतराव रडून राहिला होता. गालाले शेंगाचे फोतरं चिकटले होते, ते काढायचं भानही नव्हतं. तीस वर्षं विश्वास, विश्वास असं तो गात आला, दुसऱ्याइले सांगत आला. शास्त्रातल्या एका विधवेनं दुष्काळात देवाच्या माणसाले भाकर देली अन् तिचं मडक्यातलं पीठ सरलं नाही, हे त्याले तोंडपाठ होतं. पण ते पीठ काहून सरलं नाही, हे त्याले त्या दिवशी टॉकीजच्या फरशीवर उमगलं. ती बाई मोजत बसली नव्हती. साधूची दाढी काढली का तो देवाचा माणूस, अन् राक्षस म्हणजे सैतान, दुसरं कोण. हे तं आपलंच आहे, त्याले वाटलं. हे तं आपल्याच घरचं कोणी चोरून नेलं अन् पडद्यावर लावलं.

चार दिवसांचं काम त्यानं आठ दिवस पुरवलं. मॅटिनीच्या वेळेस रोज एक स्क्रू नेमका अडके. सहा खेपा सिनेमा झाला त्याचा. मनाले त्यानं असं समजावलं, का तिकीट काढलं नाही, खुर्चीवर बसलो नाही. फरशीवर लेटलेल्या माणसाचं पाहणं ते काय पाहणं. घरी त्याच्या बायकोनं, भागीरथानं, सदऱ्याच्या पाठीवरून शेंगाचं फोतर काढलं अन् विचारलं, खुर्च्या दुरुस्त करून राहिले का खाऊन राहिले. त्यानं गोष्ट टाळली अन् सदरा खुंटीले टांगला. तथूनच समजायले पाहिजे होतं त्याले. ज्याची लाज नसते ते माणूस बायकोले सांगते.

त्या शुक्रवारची प्रार्थना यमुताईच्या घरी होती. यमुताई म्हणजे चर्चची घंटा वाजवणारी म्हातारी. साठी उलटलेली, विधवा. पोरगा गोविंदा कोराडीच्या पॉवर हाऊसमधी कामाले, तथीच कॉलनीत राहे, रविवारी बसनं मायले भेटायले ये. चर्च झाडणं, सतरंज्या टाकणं, घंटा वाजवणं, हे सारं ती एकटी करे. वाचता येत नव्हतं तिले. ती म्हणे, पाळकसाहेबाचं मले कानात राह्यते, चंपतचं पोटात जाते.

साक्ष द्यायची पाळी चंपतरावची होती अन् त्याच्यापाशी साक्ष नव्हती. देवानं त्या महिन्यात त्याच्यासाठी सांगण्यासारखं काही केलं नव्हतं. तो उभा राहिला, खाकरला, समोर यमुताई मांडीवर हात ठेवून बसलेली. अन् तोंडातून निघून गेलं, एका मुलखात एक विश्वासी पोरगी होती.

एकदा निघालं ते निघालं. पोरीचं नाव त्यानं मार्था ठेवलं. साधूचा देवाचा माणूस केला. राजाचा जमीनदार केला. दगड नाही, त्याले लकवा मारला असं सांगतलं, म्हणजे पटायले बरं. घागर तीच ठेवली. गोष्ट संपली तेव्हा बाया डोळे पुसून राहिल्या होत्या अन् धोंडबा पेंटर खाली मान घालून बसला होता. मीराबाई नावाची एक चौकस बाई होती मंडळीत, तिनं विचारलं, ही मार्था कुठची? झालं तं झालं, तथी थांबता आलं असतं. गोष्ट आहे बाई, असं म्हणता आलं असतं. चंपतराव म्हणाला, समुद्रापलीकडची. एक मिशनरी साहेब सांगून गेले. अजून जिवंत आहे ती.

मंग काय, ज्याच्या त्याच्या तोंडी मार्था. 'घागरीत पाहू नये' ही त्या वस्तीची म्हणच झाली. पोराचा निकाल लागायचा असला का बाप म्हणे, घागरीत पाहू नये. मीराबाईनं तं तांदळाचा डबा पंधरा दिवस वाकून पाह्यला नाही, नुसता हात घालून काढत राहिली. सोंडेकिडे झाले त्यात, अन् ते भातात निघाले तेव्हा तिचा नवरा म्हणाला, मार्थाले आपल्या घरी जेवायले बोलाव. लोक हसले. चंपतरावही हसला. पण घरोघरी त्याले मान मिळायले लागला. पाळकसाहेबानंही एकदा उपदेशात मार्थाचं नाव घेतलं, तेव्हा चंपतराव बाकावर बसून आपल्या बोटांची नखं पाहत राहिला.

तीन आठवडे असे गेले. एका शुक्रवारी सकाळी घंटेच्या लाकडी चौकटीले ठोकठाक करायची म्हणून तो चर्चची किल्ली आणायले यमुताईच्या घरी गेला. दारातच त्याले वास आला. आधी वाटलं, उंदीर मेला. यमुताई खाटेवर पाय लांब करून बसली होती, उजव्या पायाले पट्टी, पट्टीचा रंग पाहण्यासारखा नव्हता.

तिले साखरेची बिमारी होती हे साऱ्याइले माहीत होतं. महिन्याआधी चपलेचा खिळा पायात गेला होता अन् दवाखान्यातल्या नर्सबाईनं बजावून सांगतलं होतं, रोज पट्टी सोडायची, धुवायचं, पाहायचं, काळं दिसलं का लगेच यायचं. चंपतरावनं विचारलं, पट्टी कधी बदलली. यमुताई हसली. अकरा दिवस झाले, म्हणाली, सोडलीच नाही.

"पाह्यलंच नाही म्या, चंपत. मार्थानं पाह्यलं का घागरीत? अन् सांगू का तुले, दुखत बी नाही आता. पहिल्यांदा किती दुखे. देवानं काम सुरू केलं गा."

साखरेच्या माणसाचं दुखणं थांबलं म्हणजे पाय आतून मरून राहिला, हे चंपतरावले माहीत होतं. त्याचा काका तसाच गेला होता. तो चौकटीतच उभा राहिला. तेव्हा सांगायचं होतं. एक वाक्य होतं, सिनेमा होता ते यमुताई. ते वाक्य त्याच्या जिभेवर आलं अन् त्याच्या संगं भरली मंडळी आली, उभा केलेला धोंडबा आला, पदर तोंडाले लावलेली त्याची बायको आली. त्यानं ते वाक्य गिळलं. म्हणाला, यमुताई, घागर वेगळी, पाय वेगळा. डॉक्टरही देवाचेच आहेत. सोडून पाहून घ्या एकडाव.

यमुताईनं त्याच्याकडं असं पाह्यलं, जसं लेकराकडं पाहतात.

"मार्थाचा मामा बी असाच म्हने ना? तूच सांगतलं. वैद्य बी म्हने, पाह्य. तू मले तपासून राहिला का, चंपत? माझा इश्वास पाहून राहिला?"

जो कोणी 'पाह्य' म्हणन तो सैतानाचा, अशी तटबंदी त्यानंच बांधून देली होती, अन् आता तोच बाहीर उभा राहून दार ठोकून राहिला होता. किल्ली घेऊन तो निघून गेला. दिवसभर त्याच्या नाकातून तो वास गेला नाही.

संध्याकाळची प्रार्थना मीराबाईच्या घरी होती. यमुताई काठी टेकत आली, समोर बसली, अन् लोकाइनं चंपतरावले मार्थाची गोष्ट पुन्हा सांगायले लावली. त्याले वाटलं, बरं झालं, गोष्टीनं बिघडलं ते गोष्टीनंच नीट करू. सुतारकीत तसंच असते, सांधा ढिला झाला का पाचर मारायची. तो सांगत सांगत घागरीपाशी आला अन् म्हणाला, एक डाव मार्थाच्या पायाले जखम झाली होती, तं ती रोज पट्टी सोडून धुवत होती, रोज पाहत होती. पायाचं पाहायले देवाच्या माणसानं मना केलं नव्हतं.

यमुताईनं हात वर केला. "हे मांगं नव्हतं."

चंपतराव म्हणाला, राहून गेलं होतं सांगायचं. ती म्हणाली, साक्षीत राहून गेलेलं चालत नाही, चंपत. तू माझ्या पायासाठी जोडून राहिला. अन् बाया कौतुकानं हसल्या, का पहा बरं, म्हातारीले किती पक्कं पाठ आहे अन् चंपतरावचा जीव किती तिच्यावर. त्यानं पुढची गोष्ट कशीबशी संपवली. त्या दिवशी त्याले वाहवा सगळ्यात जास्त मिळाली.

घरी येऊन त्यानं भागीरथाले सारं सांगतलं. टॉकीज, खुर्ची, सहा खेपा, पाय, वास. भागीरथा भाकर थापत होती, तिचा हात थांबला.

"अवो, बाईचा पाय आहे तो," ती म्हणाली. "आत्ता जा अन् सांगा."

तो म्हणाला, परवा रविवार आहे, गोविंदा येईन, पोराचं ऐकन ती. भागीरथानं त्याच्या ताटात भाकर वाढली अन् पाठ फिरवून उरलेल्या थापायले बसली. शनिवारी त्यानं लोकाचा एक पलंग रंधा मारून देला. दोनदा यमुताईच्या घराच्या वळणापर्यंत गेला अन् दोनदा वळणावरून परतला. दुसऱ्या खेपेले ती दारात बसलेली दिसली, तिनं हात हलवला. त्यानंही हलवला.

रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या अंगणात गलका झाला. गोविंदानं मायचा पाय पाह्यला होता, म्हणजे पट्टी पाह्यली होती, अन् तो तिले दवाखान्यात न्यायले सायकल रिक्शा घेऊन आला होता. यमुताई पायरीवर बसून होती, उठायचं नाव घेत नव्हती. पोराचं ऐकन, असं चंपतरावनं धरून ठेवलं होतं. ते पोर मायच्या समोर उकिडवं बसून हात जोडून राहिलं होतं अन् ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवून राहिली होती. साऱ्या मंडळीनं गोल केला. मंग तिची नजर चंपतराववर पडली.

"चंपत, इकडं ये गा. या पोट्ट्याले सांग मार्थाचं. हा म्हनते, सारं खोटं आहे."

सगळे चंपतरावकडं पाहून राहिले होते, जसे नेहमी पाहत, आता काही तरी चांगलं ऐकायले भेटन म्हणून.

"मार्था नाही आहे, यमुताई," तो म्हणाला. "सिनेमातली पोरगी आहे ती. जादूच्या सिनेमातली. मी टॉकीजमधी खुर्च्याइखाली लेटून पाह्यला."

कोणी हसलं नाही. हसले असते तं बरं झालं असतं. धोंडबा पेंटर जवळ होता, त्यानं हळूच विचारलं, कितीदा? चंपतराव म्हणाला, सहा. धोंडबानं आपल्या बायकोकडं पाह्यलं अन् तिनं जमिनीकडं. पाळकसाहेबानं तं उपदेशात नाव घेतलं होतं मार्थाचं.

पण यमुताई हलली नाही. तिचा चेहरा उलटा मऊ झाला. तुले माझी दया आली, म्हणाली, म्हणून खोटं बोलून राहिला. इतक्या लोकाइसमोर स्वतःच्या तोंडाले काळं लावून राहिला, कशासाठी तं या पायासाठी. चंपतरावनं देवाची शपथ घेतली. ती म्हणाली, शपथ घेऊ नये, शास्त्रात मना आहे. त्याले आता रडू यायले लागलं. खोटं त्यानं एका वाक्यात पटवलं होतं, अन् खरं काही केल्या पटून नव्हतं राहिलं.

शेवटी तीच म्हणाली, "असन तं दाखव मले."

रिक्शात यमुताई बसली, पाय समोर लाकडी पाटीवर. गोविंदा बाजूले. चंपतराव रिक्शाच्या मांगून धक्का देत चालला, उन्हात, उपासनेचे पांढरे कपडे घालून. सदर येईपर्यंत ते घामानं चिंब झाले. टॉकीजसमोर रविवारची गर्दी होती, शेंगावाले, पानवाले, लायनीतले भांडणं. मनोहरराव दारात उभे होते, त्याइनं ओळखलं अन् दुरूनच म्हणाले, या चंपतराव, आज जोडीनं, आज वर बसून पहा. चंपतरावनं त्याइच्याकडं पाह्यलं नाही.

दारावर मोठा रंगवलेला बोर्ड होता. डोळे मिटलेली पोरगी, कमरेवर घागर, घागरीतून पाणी वाहून राहिलं, मांगं राक्षसाचे दात, अन् बाजूले दगडाचा राजा. यमुताईनं कपाळावर हात धरला अन् पाह्यलं. पहिल्यांदा पोरीकडं, मंग राजाकडं, मंग पुन्हा पोरीकडं. बराच वेळ.

"हीच?"

"हाव."

"मी हिच्यासाठी रोज प्रार्थना करत होती," यमुताई म्हणाली. "घंटा वाजवली का पहिलं नाव हिचं. हिले मायबाप नाही म्हनून. हिचं लगन झालं असन का, चांगला माणूस भेटला असन का."

चंपतराव बोर्डाच्या खांबाले धरून उभा होता. शेंगावाला विचारून राहिला होता, माई शेंगा पायजे का. यमुताईनं नाही म्हणून मान हलवली अन् पाय पुढं केला.

"सोड."

तो खाली बसला, तथीच, रिक्शाच्या चाकाजवळ. पट्टीची गाठ वाळून दगड झाली होती. त्यानं ती नखानं उकलली. एक एक वेढा सुटत गेला, लोक नाक दाबून दूर झाले, लायनीतल्या एकानं शिवी देली. गोविंदानं तोंड फिरवलं. आत दोन बोटं काळी होती, जळलेल्या लाकडासारखी, अन् तिसऱ्याच्या बुडाशी लाली चढून राहिली होती. यमुताई वाकून पाहत राहिली. तिनं डोळे हटवले नाहीत. मंग रिक्शावाल्याले म्हणाली, दवाखान्यात चाल बाप्पा.

दुसऱ्या दिवशी तीन बोटं काढली. पाय राहिला. डॉक्टरनं गोविंदाले सांगतलं, अन् गोविंदानं बाहीरच्या बाकावर बसलेल्या चंपतरावले सांगतलं, का दोन दिवस आधी आणलं असतं तं तिसरं बोट वाचलं असतं. गोविंदा काही वाईट बोलला नाही. नुसतं डॉक्टरनं सांगतलं तेवढं सांगून आत गेला.

पंचाइची बैठक बसली. चंपतरावनं पंचपण सोडलं, त्याले सहा महिने चर्चमधल्या भाकर-द्राक्षरसाच्या प्रभुभोजनापासून दूर ठेवलं. त्यानं कबूल केलं. पाळकसाहेब त्या दिवशी तथापि, यास्तव काही बोलले नाहीत. म्हणाले, चंपतराव, गोष्ट खोटी नव्हती, साक्ष खोटी होती. तो दिलासाही पुढं त्याले पुरला नाही. सहा महिने संपतील, हे त्याले माहीत होतं. पाळकसाहेबाची शिक्षा मोजता येणारी होती.

खरी शिक्षा दवाखान्यात होती. पाचव्या दिवशी तो यमुताईले भेटायले गेला, हातात मोसंबी. साखरेच्या माणसाले मोसंबी, तेही त्याले कळलं नाही. ती उशीले टेकून बसली होती. त्यानं माफी मागितली. सिनेमाची मागितली, मिशनरी साहेबाची मागितली, मार्थाची मागितली. 

"सिनेमाचं जाऊ दे गा," ती म्हणाली. "मले नाही समजत त्यातलं. शुक्रवारी सकाळी तू माझ्या दारात उभा होता. तुले वास आला होता. आला होता ना?"

"आला होता."

"मी तुले हसून दाखवत होती. शनिवारी हात हलवला म्या. तू बी हलवला."

चंपतराव मोसंबी खाटेखाली ठेवायले वाकला. त्याले वाटलं, आता ती रागवन, जा म्हणन, पुन्हा दारात येऊ नको म्हणन. ते सोपं झालं असतं. तिनं विचारलं, गोविंदाची ड्यूटी कधी असते तुले माहीत आहे का. तो म्हणाला, पाळी पाळीनं. ती म्हणाली, मंग घरी आल्यावर पट्टी कोण सोडन रोज? माझा हात पोचत नाही अन् म्हातारपणाच्या डोयाइले बारीक दिसत नाही. तू ये.

ती घरी आली तशी चंपतराव रोज सकाळी कामावर जायच्या आधी तिच्या घरी जायले लागला. पहिल्या दिवशी भागीरथानं त्याच्या हाती धुतलेलं फडकं देलं. यमुताई खाटेवर, तो खाली पाटावर, कोमट पाण्यानं भरलेली पितळेची गंजी मधात. त्यानं गाठ सोडली, वेढे काढले, धुतलं. ती वर पाहून होती, छपराकडं.

"कसं आहे?" तिनं विचारलं.

त्याच्या तोंडात लगेच आलं, चांगलं आहे, देवाची कृपा आहे. ते त्यानं तोंडातच ठेवलं. पाय उजेडाकडं वळवला, वाकला, पाह्यलं.

"टाक्याच्या दोन जागी सुकलं आहे," तो म्हणाला. "तिसऱ्या जागी ओलं आहे. कडेले लाल आहे, चवलीच्या नाण्याएवढं. काल किती होतं ते मले माहीत नाही."

"वास?"

त्यानं नाक जवळ नेलं. "दवाईचा आहे. दुसरा नाही."

"हं," यमुताई म्हणाली. "बांध मंग."

त्यानं बांधली. गाठ मारून झाली तरी त्याले उठून जाता येईना. रुळावरून मालगाडी गेली, खाट थरथरली. मंग तो गंजीतलं पाणी दाराबाहीर फेकून आला, फडकं पिळलं, अन् उद्या किती वाजता येऊ ते विचारलं.